अंदमानात सहा दिवस: काय करायचं, त्याआधी कधी करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या विश्रामबागेतलं पाच जणांचं कुटुंब: नवरा-बायको, ११ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या आई. सहा रात्री अंदमानला जायचंय. मुलांचे वडील लहानपणापासून कृष्णेत पोहतात, बाकी कुणाला पोहता येत नाही. एजंटाने दिलेल्या पत्रकात एकवीस ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ छापल्यात. त्यातलं काय करावं, काय सोडावं, आणि दिवाळीत जावं की उन्हाळ्यात, असं त्यांनी विचारलंय.

मी सांगली-मिरजेहून अंदमानला गट घेऊन जातो आणि स्कुबाचं, म्हणजे हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याचं, रीतसर प्रशिक्षण घेतलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या एकवीसपैकी निम्म्याहून जास्त गोष्टी एकच आहेत, फक्त नावं वेगवेगळी. उरलेल्यांत चांगलं-वाईट ठरतं ते तुम्ही कुठल्या वेळी तिथे उभे आहात त्यावर. एकाच किनाऱ्यावर सकाळी नितळ निळं पाणी असतं आणि चार तासांनी तिथेच चिखल आणि दगड. पत्रक छापणाऱ्याने भरतीचा फोटो लावलेला असतो.

दिवाळीचं आधी संपवू. माझं मत, दिवाळीत नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे परतीचा आणि ईशान्येचा पाऊस असतो, आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं उठतात तीही बहुतेक याच दिवसांत. वादळ अंदमानला धडकलंच पाहिजे असं नाही, नुसतं समुद्रात फिरत असलं तरी बेटांमधल्या बोटी बंद होतात. दोन दिवस हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघायचा तर कोयनानगर काय वाईट आहे? डिसेंबरच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ चांगला, आणि पाण्याखालचं बघायचं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल सर्वांत उत्तम, कारण वारा पडलेला असतो आणि पाणी स्थिर. मुलांच्या शाळा बघता तुमच्यासाठी परीक्षा संपल्यावरचे एप्रिलअखेरचे दिवस बसतात. उकाडा असेल, पण तो आपल्यासारखा भाजणारा नाही, घामाने चिकचिकवणारा. मेच्या मध्यानंतर मात्र जाऊ नका. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी वाचून आपल्याकडे शेतकरी सुखावतो, तिकडे त्याच दिवसांत समुद्र खवळायला लागलेला असतो.

महिना ठरला की भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. हे कुठल्याच पत्रकात नसतं. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: भरती खूप चढते, ओहोटी खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि उतरतही नाही. ओहोटीला उघडे पडणारे खडक आणि त्यांतल्या डबक्यांमधले जीव बघायचे तर उधाणाचे दिवस हवेत. स्नॉर्केलिंग, स्कुबा करायचं तर भांगेचे दिवस बरे, कारण पाण्याला ओढ कमी असते आणि गाळ कमी उठतो. रात्रीच्या काळोखात चमकणारं पाणी बघायचं तर अमावास्येच्या मागेपुढे जावं लागतं. सगळं एकाच सहलीत साधत नाही, पण सहा दिवसांत षष्ठी-सप्तमीपासून एकादशी-द्वादशीपर्यंतचा कृष्णपक्ष पकडला तर पहिले दिवस पाण्यात उतरायला चांगले जातात आणि शेवटी ओहोटीही बऱ्यापैकी मोठी मिळते. कोकणात तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात. तो हिशेब तिकडे लावू नका. भरतीची वेळ किनाऱ्यागणिक बदलते. रोज साधारण पन्नास मिनिटांनी ती पुढे सरकते, एवढं मात्र सगळीकडे खरं. आजची वेळ हॉटेलवाला किंवा रिक्षावाला तोंडपाठ सांगतो. सकाळी चहाबरोबर तेवढं विचारून घ्यायचं.

दुसरं घड्याळ सूर्याचं. सांगली आणि श्री विजयपुरम (म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर) यांच्यात सुमारे १८ रेखांशांचा फरक आहे, एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तिकडे सव्वा तास आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. घड्याळ मात्र देशभर एकच. एप्रिलअखेर तिथे पाचच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडतो. डिसेंबरात तर पाचलाच. पाण्यातले खेळ दुपारी तीन-साडेतीनला आवरतात. आपल्या लोकांची सवय अशी की आठला उठायचं, दहाला नाश्ता, बाराला ‘चला आता बीचवर’. तिकडे बारापर्यंत अर्धा दिवस गेलेला असतो. पहिल्या रात्रीपासून नऊला झोपा आणि साडेचारला उठा. आईंना हे काही नवीन नसेल, त्रास मुलांना आणि त्यांच्या बापाला होतो.

(पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप २०१८ च्या डिसेंबरअखेर झालं. तिकिटांवर कुठे जुनं, कुठे नवं नाव दिसेल, गोंधळू नका. मी खाली बोलताना वापरतो ती जुनी नावं वापरतोय.)

आता बेटं किती करायची? तीनच: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील. उत्तरेला डिगलीपूर सुंदर आहे, पण सहा रात्रींत लहान मुलं आणि आई घेऊन तो रस्त्याचा प्रवास नको. पहिली आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये, मधल्या दोन हॅवलॉकला, एक नीलला आणि एक मोकळी. ती मोकळी रात्र शेवटाकडे ठेवा. बोट हवामानामुळे रद्द झाली तर ती रात्र कामाला येते. ज्या दिवशी सकाळी नीलहून बोट आणि दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान असा कार्यक्रम कुणी आखून देत असेल, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

पोर्ट ब्लेअरला उतरल्या दिवशी सेल्युलर जेल. सोमवारी बंद असतं, तेव्हा सोमवारी पोचू नका. बहुतेक लोक संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम बघून ‘झालं’ म्हणतात. माझ्या मते तो गेला तरी चालेल, पण दिवसाउजेडी तुरुंग सावकाश बघितलाच पाहिजे. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेला. मधल्या मनोऱ्यापासून सात दिशांना सात पाकळ्या होत्या, आता तीनच उरल्यात. एका पाकळीच्या कोठड्यांचं तोंड दुसऱ्या पाकळीच्या पाठीकडे, म्हणजे कुठल्याही कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये. मुलांना एक गोष्ट हाताने दाखवा: कोठडीची कडी दारावर नाही. ती दारापासून लांब, भिंतीतल्या एका खोबणीत जाते. आतून गजांतून हात बाहेर काढून चाचपडलं तरी तिथपर्यंत बोटं पोचत नाहीत. मुलांना आत उभं करून हात बाहेर काढायला सांगा. पाटीवरची दहा वाक्यं वाचून जे कळणार नाही ते त्यांना तेवढ्यात कळतं. खाली अंगणात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा आहे, त्याला जुंपून कैद्यांकडून रोज तीस पौंड खोबरेल तेल काढून घेत.

सांगलीकरांसाठी आणखी एक. सगळे जण तात्याराव सावरकरांची कोठडी बघायला वर जातात, आणि ते बरोबरच आहे, १९११ साली त्यांना तिथे आणलं. पण त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून त्याच तुरुंगात होते. १९०९ साली त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. एकाच आवारात असूनही भावांना एकमेकांना भेटू देत नसत. हेच बाबाराव शेवटी आपल्या सांगलीत राहिले आणि १९४५ च्या मार्चमध्ये इथेच वारले. निघण्यापूर्वी मुलांना एवढं सांगून ठेवलंत तर तो तुरुंग त्यांना लांबच्या कुठल्या तरी बेटावरचा वाटणार नाही.

आईंना चालण्याचा त्रास असेल तर वरच्या मजल्यांचे जिने त्यांनी सोडावेत. त्याऐवजी त्यांना रॉस बेटावर न्या, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. बोटीने काही मिनिटांवर. इंग्रजांचा सगळा कारभार इथून चाले. आता चर्च, बेकरी, बंगले सगळं पडलेलं, आणि भिंती वडा-पिंपळाच्या मुळांनी आवळून धरलेल्या. हरणं माणसांना न भिता फिरतात. आत बॅटरीवरच्या गाड्या असतात, त्यामुळे फार चालावं लागत नाही. त्याच बोटीला जोडून नॉर्थ बे या किनाऱ्याची फेरी विकतात. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेमागचं नारळीचं चित्र आठवतं? ते तिथलंच. पण पुढे हॅवलॉकला जाणार असाल तर नॉर्थ बे सोडा. गर्दी, घाई आणि तेच खेळ.

हॅवलॉकची बोट सकाळची घ्या. खासगी बोटीला दीड तासाच्या आसपास लागतो, सरकारी बोट जास्त वेळ घेते पण स्वस्त असते आणि डेकवर उभं राहता येतं. खासगी बोटी बंद काचेच्या, वातानुकूलित, आणि मळमळ सुरू होते ती नेमकी त्यातच. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून सांगलीतूनच न्या आणि बोट सुटायच्या आधी अर्धा-पाऊण तास द्या. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही. खालच्या मजल्यावर, बोटीच्या मधोमध जागा घ्या. मुलांच्या हातातले मोबाइल काढून घ्या आणि लांब क्षितिजाकडे बघायला सांगा. पोट रिकामं ठेवू नका. दोन-चार मुठी भडंग खाऊन बसलेला माणूस उपाशी माणसापेक्षा सुखाने पोचतो, हे मी गटागटात पाहिलंय.

हॅवलॉकला त्याच दुपारी राधानगर. ‘टाइम’ मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून त्याची निवड केली होती, आणि तेव्हापासून प्रत्येक पत्रकावर ते वाक्य आहे. पण किनारा खरोखर तसा आहे: पांढरी बारीक पुळण, मागे उंच झाडांचं दाट जंगल, तोंड पश्चिमेला. तीनला पोचा. पाण्यात उतरायचं ते जीवरक्षक उभे असतात त्या पट्ट्यात, आणि सूर्य बुडायला लागला की बाहेर. या बेटांच्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. त्या किनाऱ्यावर नेहमी येतात असं नाही, पण मगरीची पाटी जिथे लावली आहे तिथे ती शोभेसाठी लावलेली नाही.

इथे वडिलांशी थोडं बोलतो. आयर्विन पुलाखाली पोहलेला माणूस पाण्याला भीत नाही, आणि माझ्या गटांत समुद्रात अडचणीत येतो तो बहुतेक हाच माणूस. नदीची ओढ एका दिशेला असते आणि ती कुठे नेणार हे तुम्हाला ठाऊक असतं. समुद्रात लाट किनाऱ्याकडे ढकलते आणि तेच पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढतं. वरून तो पट्टा शांत दिसतो, दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्ये फुटत नाहीत, म्हणून लोकांना तिथेच उतरावंसं वाटतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारत बसू नका, दम संपेल. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा, ओढ सुटली की मग वळा. आणि मुलांना लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्यांना धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे, पट्टे आवळा किंवा लहान मागा. बोटवाले मोठ्यांचंच जॅकेट मुलांना चढवतात.

दुसरा दिवस पाण्याखालचा. इथे तुम्हाला चार-पाच नावं ऐकवतील, त्यांतला फरक समजून घ्या.

स्नॉर्केलिंग म्हणजे पाण्यावर पालथं तरंगत, तोंडात नळी धरून खाली बघणं. पोहता येत नसलं तरी चालतं, रबरी रिंग धरायची आणि गाईड ओढून नेतो. एलिफंट बीच यासाठी चांगला. बोटीने जातात, आणि त्सुनामीत उन्मळलेली मोठाली झाडं अजून त्या किनाऱ्यावर आडवी पडलेली दिसतात. सकाळच्या पहिल्या बोटींनी गेलात तर पाणी स्वच्छ मिळेल. दहानंतर तिथे इतके पाय पाण्यात असतात की वाळू खाली बसत नाही. मास्क नीट बसतो का हे बघायची रीत अशी: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा, मास्क चिकटून राहिला तर बरोबर. केसांची एक बटही कडेखाली राहिली की पाणी शिरतं. आणि आपल्याकडच्या पुरुषांची खास अडचण म्हणजे मिशा. झुपकेदार मिशीवर मास्क कधीच घट्ट बसत नाही, नाकाखालून पाणी येत राहतं. मिशीवर थोडं व्हॅसलिन चोपडायचं, थांबतं. काचेवर धुकं येऊ नये म्हणून आत थुंकी चोळून विसळतात. मुलं आधी ‘ई’ करतात आणि मग सगळ्यांत उत्साहाने तेच करतात.

बायकांनी साडी किंवा ओढणीत पाण्यात उतरू नये. ओलं कापड पायांत गुंडाळलं की पोहणाराही गडबडतो. पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा टी-शर्ट आणि लेगिंग्ज पुरे. उन्हापासूनही तेच वाचवतं, क्रीम थोडंच लागतं. आणि काहीही झालं तरी प्रवाळावर उभं राहायचं नाही. तो दगड दिसला तरी जिवंत वसाहत असते, वर्षाला अगदी थोडी वाढते. अंदमानच्या प्रवाळाने १९९८ आणि २०१० मध्ये समुद्र तापल्यामुळे पांढरं पडण्याचा मोठा फटका खाल्लाय. म्हणून फोटोतल्यासारखे रंगीबेरंगी बगीचे सगळीकडे दिसतील अशी अपेक्षा धरू नका. मासे मात्र भरपूर दिसतात.

स्कुबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली जाणं. पहिल्यांदा उतरणाऱ्याला पोहता येण्याची गरज नसते, प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. वयाची अट १० वर्षांची, म्हणजे मुलगी उतरू शकते, मुलगा नाही. तुम्ही दोघं आणि मुलगी असं करा, पण एकाच वेळी तिघं नको, कुणीतरी मुलाजवळ थांबा. आधी प्रकृतीचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, यांतलं काही असेल तर तिथे लपवू नका. ‘तिथवर गेलोय, पैसे भरलेत’ म्हणून लोक ‘नाही’वर खुणा करतात, ते धोक्याचं आहे. त्या दिवशी सर्दी असेल तरी उतरायचं नाही, कान मोकळे होत नाहीत.

सगळा खेळ कानांचा असतो. दहा मीटर खाली गेलं की दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो, आणि त्यातला सर्वांत मोठा बदल पहिल्या दोन-तीन मीटरांतच जाणवतो. म्हणून खाली जाताना दर हातभर अंतरावर नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटलेलं ठेवून हलकेच नाकात फुंकायचं. कानात ‘टक्’ होतं, दडा सुटतो. दुखायला लागल्यावर जोर लावून फुंकू नका. थोडं वर या, मग फुंका. खाली असताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही. आणि खुणा आधी पाठ करा, कारण तिथे बोलता येत नाही. आपल्या सवयीने ‘मस्त चाललंय’ म्हणून अंगठा वर केलात तर प्रशिक्षक तुम्हाला सरळ वर घेऊन येईल, कारण पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा आहे. ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी जोडून गोल. हजारो रुपये भरून पाचव्या मिनिटाला वर आलेले हसतमुख लोक तुम्हाला तिथे भेटतील.

स्कुबानंतर लगेच विमान नाही. एकदाच उतरला असाल तर किमान १२ तास, एकाहून जास्त वेळा तर १८ तास मध्ये गेले पाहिजेत. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. विमानात दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून स्कुबा सहलीच्या मध्यात, शेवटी कधीच नाही.

‘सी वॉक’ म्हणजे डोक्यावर मोठं हेल्मेट घालून समुद्रतळावर चालणं. हे वयस्कर माणसांना ‘सोपं, चेहरा पण ओला होत नाही’ म्हणून खपवतात. चेहरा ओला होत नाही हे खरं. पण सहा-सात मीटरवर दाब तोच असतो, कानाला आणि छातीला हेल्मेट आहे की नाही हे कळत नाही. आईंना रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर सी वॉक नको. त्यांना आणि मुलाला काचेच्या तळाच्या बोटीत बसवा. नीलला भरतपूरच्या किनाऱ्यावर ती मिळते, पाणी उथळ आणि शांत असतं, आणि आजी-नातू एकाच काचेवर वाकून मासे बघतात.

जेट स्की, बनाना बोट, पॅरासेलिंग यांबद्दल विचारलंय. हे तारकर्लीलाही मिळतं. पैसे उरले आणि मुलांनी हट्ट केला तर करा, त्यासाठी अंदमानचा वेळ घालवू नका. रात्रीचं कयाकिंग, म्हणजे लहान होडी स्वतः वल्हवणं, मात्र वेगळं. अमावास्येच्या आसपास, चंद्र नसताना, वल्हं पाण्यात मारलं की निळसर ठिणग्या उठतात. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले गेले की चमकतात. पौर्णिमेला कुणी हे विकत असेल तर पैसे देऊ नका. मुलगा लहान आहे, त्यामुळे तुम्ही दोघांपैकी एकाने मुलीला घेऊन जावं.

आणि हॉटेलच्या मागच्या किनाऱ्याबद्दल: हॅवलॉकची बरीच हॉटेलं पूर्वेकडच्या बाजूला आहेत. तिथे ओहोटीला पाणी दूरवर मागे जातं आणि खडक उघडे पडतात. ‘बीचफ्रंट’चे जास्त पैसे भरण्याआधी हे लक्षात घ्या. सूर्योदयाला मात्र तो किनारा छान.

नील लहान आहे, रिक्षाने अर्ध्या दिवसात फिरून होतं, आणि माझ्या गटांतल्या बऱ्याच जणांना शेवटी हॅवलॉकपेक्षा तेच जास्त आवडतं. शेतं आहेत, भाजीचे मळे आहेत, सुपारी-नारळ आहे. इथे आणि हॅवलॉकला पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना वसवलं गेलं, म्हणून घराघरांत बंगाली बोलतात आणि किनाऱ्यांना सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी नावं आहेत. तासगाव-पलूसकडचे बागायतदार माझ्याबरोबर आले की किनारा सोडून मळ्यात शिरतात, पाणी कुठून आणता, बाजार कुठे, असं विचारत बसतात. त्यांना घाई करायची नाही हे मी ठरवून टाकलंय.

नीलचा नैसर्गिक पूल, म्हणजे लाटांनी कोरलेली खडकाची कमान, ओहोटीलाच बघायचा. भरतीला तिथपर्यंत जाताच येत नाही. सूर्यास्ताच्या वेळी सगळे जातात, पण तुमच्या दिवशी ओहोटी सकाळी असेल तर सकाळीच जा. कमानीपेक्षा खालची डबकी बघण्यासारखी आहेत. तळहाताएवढ्या खळग्यात शिंपले, खेकडे, तारामासा, आणि काळी लांबट, हात लावला तर आक्रसणारी समुद्रकाकडी. गाईड ती उचलून मुलांच्या हातात द्यायला बघतो, तुम्ही घेऊ नका. खडक शेवाळाने घसरडे असतात. आपल्याकडच्या पट्ट्याच्या चपला तिथे उपयोगाच्या नाहीत, मागे पट्टा असलेले रबरी बूट हवेत. आईंनी वरच्या नारळपाण्याच्या दुकानापाशी बसावं, तिथली सावलीही वाईट नाही.

परत पोर्ट ब्लेअरला आल्यावर मोकळ्या दिवसाचं काय करायचं? बोटी वेळेवर आल्या आणि तो दिवस वाचला तर वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातली जॉली बॉय किंवा रेड स्किन बेटाची फेरी करा. यांपैकी एका वेळी एकच चालू असतं, दुसऱ्याला विश्रांती. प्लास्टिकची बाटली, पिशवी नेता येत नाही, बोटीत चढताना तपासतात, तेव्हा घरून स्टीलच्या बाटल्या न्या. तिथे दुकान नाही, हॉटेल नाही, आणि त्यामुळेच पाणी तसं राहिलंय.

बाराटांग बेटाबद्दल माझं मत विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण पत्रकात ते ठळक छापलंय. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी आहे, खारफुटीतून जाणारी बोट सुंदर आहे, यात शंका नाही. पण रात्री तीनला उठून जिरकाटांगच्या फाटकावर रांगेत उभं राहायचं, मग जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून पोलिसांच्या बंदोबस्तात गाड्यांचा ताफा जातो. थांबायला, फोटो काढायला, काही द्यायला कायद्याने बंदी आहे. तरी ‘जारवा दिसतील का?’ हा प्रश्न गाडीत कुणीतरी विचारतंच, आणि काही एजंट तेच आडून विकतात. माणसं बघायला म्हणून जायचं असेल तर मी नेत नाही, आणि गुहाच बघायच्या असतील तर ६८ आणि ७ या वयांना तो दिवस झेपणारा नाही.

जेवणाचं: भात, डाळ, मासे, बंगाली पद्धतीची भाजी सगळीकडे मिळते. शाकाहारी असाल तर अडत नाही, फक्त तीच बटाट्याची भाजी पुन्हा पुन्हा येते. भाकरीची आशा सोडा. दाण्याची चटणी आणि लसणाची चटणी न्या, साध्या वरणभाताला तेवढं पुरतं. हॅवलॉक-नीलला एटीएम कमी आणि मोबाइलचं नेटवर्क कमकुवत, म्हणून रोख रक्कम आणि तिकिटांच्या छापील प्रती जवळ ठेवा. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, आठवडाभर खाज राहते. संध्याकाळी किनाऱ्यावर बसताना पायांना खोबरेल चोळून बसा.

मुलांना एक कडक सूचना द्या. किनाऱ्यावरचा शंख, शिंपला, प्रवाळाचा तुकडा, काहीही उचलून बॅगेत टाकायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळ आणि कित्येक शंख येतात, आणि विमानतळावर बॅगा स्कॅन होतात. मुलीच्या सॅकमधून तुकडा निघाला तर विमान सुटायच्या वेळी बाप खुलासे देत बसतो.

निघायच्या आधी एक महिना दोन साधे मास्क आणि नळ्या विकत घ्या आणि सांगलीतल्याच एखाद्या पोहण्याच्या तलावात मुलांना रविवारी सराव करू द्या. तोंडाने श्वास घ्यायचा, नळीत पाणी शिरलं तर जोराने फुंकून उडवायचं, मास्कमध्ये पाणी आलं तरी घाबरायचं नाही, एवढं तीन-चार रविवारांत जमतं. तिथे जाऊन शिकायचं म्हटलं तर पैसे भरलेल्या अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं त्यातच जातात. शक्य असेल तर आधी एकदा मालवण-तारकर्लीला शनिवार-रविवार जाऊन या. पाणी अंदमानइतकं स्वच्छ नसतं, पण समुद्र खारट लागतो आणि डोळ्यांना झोंबतो, एवढं मुलांना कळलेलं असतं.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: कॅलेंडरात तिथी बघून तारखा, मग पुण्याहून चेन्नई किंवा बेंगळुरूमार्गे विमान, आणि विमान झालं की त्याच दिवशी बेटांमधल्या बोटींची तिकिटं. सुट्टीच्या दिवसांत आधी बोटी भरतात. मूळ ओळखपत्रं सगळ्यांची लागतील, मुलांचीही. हॉटेल सर्वांत शेवटी करा, आणि करताना फोनवर एवढंच विचारा: तुमच्या मागच्या किनाऱ्यावर ओहोटीला काय दिसतं? जो सरळ उत्तर देईल त्याच्याकडे उतरा.